साहेबांच्या समुद्राचे एकवीस थेंब

चौतिसावा थेंब पडला तरी नळीतलं पाणी गुलाबीच होतं.

साहेबांच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं, वीस ते बावीस थेंबांत पाणी निळं झालं पाहिजे. एकवीस म्हणजे उत्तम. चौतीस झाले तर काय करायचं ते कागदावर नव्हतंच, म्हणजे एवढ्या शिकलेल्या माणसाच्या डोक्यातसुद्धा चौतीस कधी आला नव्हता. कडेवर ओमी, ओमीच्या मुठीत माझं मंगळसूत्र, माझ्या एका हातात काचेची नळी, दुसऱ्या हातात औषधाची बाटली, आणि तेवढ्यात हॉलमधला फोन वाजायला लागला. मी नळी ठेवली आणि बाटली घेऊनच पळाले.

"सब ठीक है ना, बेटा?" साहेब कॅनडातून बोलत होते.

"जी साहब, बिल्कुल ठीक," मी म्हटलं, आणि पस्तिसावा थेंब माझ्या पायावर पडला.

आता हे साहेब कोण आणि नळी कसली, ते सांगते. नाहीतर तुम्हाला वाटेल मी कुठल्या मोठ्या दवाखान्यात कामाला होते. तसं काही नाही. मी सातवी पास. म्हणजे सातवीच्या परीक्षेला बसले होते, पास झाले का ते बघायला गेलेच नाही, त्या सुट्टीत आई आजारी पडली आणि मी घरात अडकले ती अडकलेच. लग्न करून मालवणच्या बाजूच्या आमच्या गावातून निघाले ती थेट नोएडाला. आमचे हे साहेबांच्या वायरच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन, आणि राहायला साहेबांच्याच कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, गच्चीवरची खोली. खाली संगमरवर, वर आम्ही आणि पाण्याच्या टाक्या.

त्या दिवसांत बाहेरच्या देशातल्या वस्तू यायला लागल्या होत्या आणि आमच्या सेक्टरमधल्या कोठ्यांत एकेक नवल उतरत होतं. शेजारच्यांकडे जागच्या जागी पळायचं मशीन आलं (त्यावर त्यांची कामवाली टॉवेल वाळत घालायची). समोरच्यांकडे स्वयंपाकघरात धूर ओढून घ्यायचं धुराडं आलं. आमच्या साहेबांनी समुद्र आणला.

खरंच समुद्र. पलंगाएवढी काचेची पेटी, तिच्यात खारं पाणी, खडक, रंगीत मासे, आणि खडकांवर जिवंत फुलं. फुलं म्हणजे प्राणीच ते, पण दिसायला फुलं. बाहेरून आलेलं खास मीठ खोक्यातून यायचं, ते पाण्यात कालवायचं, आणि त्यावर निळे दिवे. नोएडात, जिथे नळाला पाणी सकाळी दीड तास, तिथे साहेबांच्या माशांना चोवीस तास लाटा.

मी पहिल्यांदा त्या पेटीचं झाकण उचललं तेव्हा जो वास आला ना, तो आमच्या दारातला वास. पावसाळ्यानंतर होड्या पुन्हा पाण्यात ढकलतात तेव्हाचा. मी तिथेच उभी राहिले आणि डोळ्यांतून पाणी. मेमसाब घाबरल्या, त्यांना वाटलं मला खाऱ्या पाण्याची ॲलर्जी आहे, त्यांनी मला एक गोळी दिली. मी घेतली पण. काय सांगणार त्यांना?

ओमी दिल्लीतच झाला, दीड वर्षांचा. त्याने समुद्र बघितलेला नाही. मी त्याला काचेपाशी नेऊन सांगायचे, बघ, हे आईचं गाव. तो काचेला नाक लावायचा. मासे बघून त्याला हसू यायचं आणि मला भूक लागायची, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे मासा बघायचा नसतो.

तर साहेबांच्या मुलीचं बाळंतपण कॅनडाला. साहेब आणि मेमसाब तीन आठवड्यांसाठी निघाले आणि ऐन वेळी ती पेटी सांभाळणारा दुकानातला माणूस आजारी पडला. साहेबांनी आमच्या ह्यांना विचारलं. ह्यांनी छाती काढून सांगितलं, साहेब, काळजीच सोडा, आम्ही दोघंही समुद्रकाठचे. (हे कणकवलीचे. समुद्रावर तिथून एसटीने जावं लागतं.)

साहेब खूश झाले. म्हणाले, टँक ठीक राहिला तर मे महिन्यात तुम्हाला पूर्ण महिन्याची सुट्टी.

पूर्ण महिना! तीन वर्षं झाली होती मला गाव सोडून. आईने नातवाला फक्त फोटोत पाहिलेलं, आणि तो फोटो ह्यांनी काढलेला, त्यामुळे अर्ध्या ओमीवर ह्यांचं बोट. गावातल्या दुकानातल्या फोनवर आई दर वेळी तेच म्हणायची, "गो बाय, माका नातू होयो, जावयाचा बोट नको." मी तिला त्याच दिवशी फोन लावला आणि सांगून टाकलं, मे महिन्यात येते. आईने लगेच दुकानात उभ्या असलेल्या सगळ्यांना सांगितलं. म्हणजे गावाला सांगितलं. आता परत फिरायला जागा नव्हती.

जायच्या दिवशी साहेबांनी मला ती तपासणी शिकवली. पेटीतल्या पाण्यात कॅल्शियम किती आहे ते बघायचं, कारण ती फुलं कॅल्शियमवर जगतात, जशी आपली हाडं. नळीत रेघेपर्यंत पेटीतलं पाणी. पहिल्या बाटलीचे सहा थेंब. मग इवल्या चमच्याने पूड, की पाणी गुलाबी. हलवायचं. मग दुसऱ्या बाटलीचा एकेक थेंब टाकत मोजत जायचं, निळं होईपर्यंत. थेंब वहीत लिहायचे. बावीसच्या वर गेले तर कॅल्शियम जास्त झालं, रोज घालायचं पांढरं औषध बंद करायचं आणि बादलीभर पाणी बदलायचं. साहेब एवढं सांगेपर्यंत मेमसाब गेटवरून टॅक्सीच्या नावाने ओरडत होत्या, त्यामुळे अर्धं मला दिसलं आणि अर्धं मी मान हलवून पास केलं. बाटल्यांवरची अक्षरं इंग्रजी आणि मुंगीएवढी, म्हणून मी पहिलीवर लाल टिकली चिकटवली आणि दुसरीवर हिरवी. एवढी मी तयार होते.

पहिला आठवडा तपासणी ह्यांनीच केली, पहाटे उठून लगेच, कारण मला नळीची भीती वाटायची. रोज एकवीस. हे रुबाबात वही उघडायचे, एकवीस लिहायचे आणि माझ्याकडे असं बघायचे जसा काही तो समुद्र ह्यांनी भरलाय. मग ह्यांची ड्युटी बदलली, पहाटे साडेपाचला बस, आणि नळी माझ्याकडे आली.

पहिल्या दिवशी एकोणतीस.

मला वाटलं मी मोजायला चुकले. पुन्हा केलं. एकतीस. पाणी निळं व्हायचं, आणि मी हुश्श करेपर्यंत परत गुलाबी. चिडवल्यासारखं. दुसऱ्या दिवशी तेहतीस. वाटलं, ओमी मध्येच "तीन, तीन" करतो (त्याला तेवढा एकच आकडा येतो) त्याने माझा हिशोब बिघडतो. त्याला बिस्किट देऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. तीस. मग वाटलं बाटली तिरकी धरल्याने थेंब बारीक पडत असतील. सरळ धरली. बत्तीस. मग एक दिवस लाइट गेली, इन्व्हर्टरवर फक्त पेटी चालू, तर मी पेटीच्या उजेडात नळी धरली, आणि काय सांगू, नऊ थेंबांत निळं. आनंदाने मी ओमीचा पापा घेतला. मग लक्षात आलं की त्या उजेडात ओमी पण निळाच दिसतोय. माझा हात निळा, भिंत निळी, साहेबांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो निळा. तरी मी वहीत नऊ लिहिलं. शाळेत शिकवलंय, जे उत्तर आलं ते लिहा.

खिडकीपाशी जाऊन पुन्हा केलं, तेव्हा पडला तो चौतिसावा थेंब. आणि साहेबांचा फोन.

साहेबांनी सांगितल्याप्रमाणे मी पांढरं औषध बंद केलं होतंच. रोज बादलीभर पाणी बदलत होते. खोक्यातलं मीठ तळाला गेलं. आणि रोज पाणी बदलूनही आकडा खाली येईना. मग मी आमच्या घरची रीत केली, बोट बुडवून चाटून बघितलं. आई जिभेवर घेऊन मिठागराच्या पाण्याची प्रत सांगते. मला एवढंच कळलं की पाणी खारट आहे आणि मला आईची आठवण येतेय. दोन्ही आधीपासून माहीत होतं.

आणि मग फुलं मिटायला लागली. आधी कोपऱ्यातलं जांभळं, मग मधलं हिरवं बोटाबोटांचं. झालरी आत ओढून सगळी नुसते गोळे होऊन बसली, जशा लग्नात मान न मिळालेल्या आत्या. मी काचेसमोर बसून त्यांना हात जोडले. साहेब गुरुवारी यायचे होते, आणि माझा मे महिना त्या गोळ्यांच्या आत बंद होता.

तेव्हा मला चुना आठवला.

झालं असं की ओमीच्या वेळी आईने निरोप पाठवला होता, रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यात घालून खा, हाडं मजबूत होतील. दवाखान्यातल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या चुना म्हणजे कॅल्शियमच, पण तू आपली गोळीच खा. चुना म्हणजे कॅल्शियम. आता त्या कोठीत चुना कुणाजवळ असेल? साहेब पान खात नाहीत. मी खात नाही. ओमीला दात चार. राहिलं कोण?

आमचे हे तंबाखू खायचे. डाव्या तळहातावर तंबाखू, वर चुना, आणि उजव्या अंगठ्याने मळत राहायचं. ओमीच्या बारशाला त्याच्या डोक्यावर हात ठेवून सोडली होती. पण पेटीची काच आतून पुसायचं काम ह्यांचं, रोज संध्याकाळी, हात कोपरापर्यंत पाण्यात. माझ्या डोक्यात सगळं फटाफट जुळलं. हे चोरून तंबाखू मळतात, तोच हात पाण्यात घालतात, आणि साहेबांच्या समुद्राला चुना लागतो.

संध्याकाळी हे आल्या आल्या मी चहा नाही दिला, शर्टाचा वास घेतला. त्यांनी विचारलं काय झालं. मी सरळ म्हटलं, तुम्ही पुन्हा सुरू केलीत. काय सुरू केली? तंबाखू. कोण म्हणतं? मी म्हटलं, पाणी म्हणतंय.

मग जे झालं ते झालं. हे म्हणाले, सातवीपर्यंत गेलेल्या बाईने मला केमिस्ट्री शिकवू नये. मी म्हटलं, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलणाऱ्याने शाळेची गोष्ट काढू नये. हे म्हणाले, मी शेंडी ठेवतो, उपास करतो, पण हा आळ घेणार नाही. जेवले नाहीत. म्हणजे माझ्यासमोर जेवले नाहीत, सकाळी डब्यातल्या तीन पोळ्या कमी होत्या. त्यानंतर दोन दिवस आमचं बोलणं ओमीमार्फत चाललं. ओमी, बाबांना सांग आंघोळीचं पाणी काढलंय. ओमी, आईला सांग मला ऐकू येतं. ओमी मधे उभा राहून दोघांनाही एकच सांगायचा, "तीन."

रविवारी सकाळी ह्यांनी स्वतःहून तोंड उघडलं. म्हणाले, माझ्यासमोर कर तपासणी, बघू तुझं पाणी काय म्हणतं ते.

मी नुकतीच गेटवरून आले होते. रोज सकाळी मी गेटसमोर रांगोळी काढते. गावाकडे आमच्या अंगणात शेणाच्या सारवणावर काढायचे, इथे सिमेंटवर काढते, पण काढल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखं वाटत नाही. पहिल्या पहिल्यांदा समोरच्यांचा स्वयंपाकी तिला वळसा घालून नाल्याच्या कडेने जायचा, त्याला वाटायचं मी टोटका, म्हणजे करणी केलीय. मग मेमसाबना ते डिझाइन आवडलं, त्यांनी चार जणींना दाखवलं, आणि स्वयंपाकी सरळ चालायला लागला. तर रांगोळी काढून, ओमीला उचलून, मी थेट आत आले. मोठ्या तोऱ्यात नळी भरली, लाल टिकलीचे सहा थेंब टाकले, पूड टाकली, नळीच्या तोंडावर अंगठा दाबला आणि खळाखळा हलवली.

"थांब," हे म्हणाले. "अंगठा दाखव."

मी दाखवला. अंगठ्याच्या रेघारेघांत पांढरी पूड बसलेली. शेजारच्या बोटावर पण.

मी म्हटलं ही रांगोळी आहे. हे म्हणाले, रांगोळी कशाची करतात? मी म्हटलं दगडाची. कसल्या दगडाची? मी म्हटलं पांढऱ्या. हे म्हणाले, तोच चुन्याचा दगड, आणि माझ्याकडे बघत राहिले, आणि ते बघणं मला चौतीस थेंबांपेक्षा जड गेलं. मी आठवडाभर रोज सकाळी नळीत स्वतःच्या हाताने रांगोळी घालून हलवत होते, आणि आरोप कुणावर, तर नवऱ्यावर.

मला रडूच आलं. हे एकदम मोठ्या मनाचे झाले. म्हणाले, होतं असं, शिकलेल्यांचं पण होतं, हो बाजूला, मी दाखवतो कशी करायची. बाही वर केली, नवीन पाणी भरलं, थेंब टाकले, पूड टाकली, आणि स्वतःचा अंगठा नळीवर दाबून माझ्यापेक्षा जोरात हलवली. मग हिरव्या टिकलीची बाटली. वीस. बावीस. पाणी गुलाबी. तीस. गुलाबी. ह्यांचा आवाज बारीक व्हायला लागला. चाळीसला निळं झालं, आम्ही दोघांनी श्वास घेतला, परत गुलाबी. बेचाळीस.

मी डोळे पुसले. ह्यांच्या अंगठ्याकडे बघितलं. मग ह्यांच्याकडे.

"तो... गच्चीवर चुन्याचं काम..." हे म्हणाले.

गच्चीवर मी राहते. तिथे चुन्याचं काम झालं असतं तर मला दिसलं असतं.

शेवटी स्टॅबिलायझरच्या मागून तंबाखू-चुन्याची डबी निघाली. पहिल्या आठवड्यात एकवीस का येत होते ते पण कळलं, तेव्हा तपासणी पहाटे उठल्याबरोबर व्हायची आणि ह्यांची पहिली चिमूट चहानंतर असते. आज रविवार, चहा आधी झाला होता. हे म्हणाले, शपथ घेतली तेव्हा हात ओमीच्या टोपीवर होता, डोक्यावर नव्हता. मी एवढी हसले, एवढी हसले की रागवायचं राहून गेलं. (ते मी नंतर सवडीने पूर्ण केलं.)

मग दोघांनी आपापले अंगठे बाजूला ठेवून नळी-बाटल्यांचा डबा नीट उघडला. खालचा स्पंज उचलला, तर त्याखाली नळीचं छोटं पांढरं झाकण. बसवायचं आणि हलवायचं, एवढंच. साहेबांनी तेच लावून दाखवलं असणार, मेमसाब टॅक्सीच्या नावाने ओरडत होत्या तेव्हा.

झाकण लावून केलं. बाटली तळाला आलेली. हे मोजत होते, मी ओमीचं तोंड दाबून धरलं होतं. पंधरा. सोळा. सतरा. निळं. निळं राहिलं.

सतरा म्हणजे कमी. म्हणजे आठ दिवस कॅल्शियम जास्त नव्हतंच, ते बरोबर होतं, आणि मी औषध बंद करून ते खाली आणलं होतं. ती फुलं रुसली नव्हती. उपाशी होती. आणि मी त्यांच्यासमोर हात जोडून बसत होते, जेवण न देता.

ह्यांनी पांढऱ्या औषधाची अख्खी बाटली उचलली, ओतून टाकू म्हणाले, सगळी कसर भरून निघेल. तेव्हा मात्र मी हात धरला. मला केमिस्ट्री येत नाही, पण मला ओमीला जुलाब झाले तो आठवडा येतो. उपाशी पोटाला एकदम नाही भरवायचं. चमचा सकाळी, चमचा दुपारी, चमचा संध्याकाळी. ह्यांनी ऐकलं. स्टॅबिलायझरमागून डबी निघालेला माणूस आठवडाभर सगळं ऐकतो.

सोमवारी झाकण लावून अठरा. मंगळवारी एकोणीस. बुधवारी वीस, पण जांभळं अजून गोळाच. मी ओमीला घेऊन तिथेच जमिनीवर बसून राहिले, भाजी पण तिथेच निवडली. आणि दुपारी बघते तर त्याच्या एका कडेने झालर बाहेर आली. एवढीशी. मग दुसरी. मग सगळंच हळूहळू उलगडत गेलं आणि पाण्यात हलायला लागलं.

आमच्याकडे ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत अशी फुलं असतात. आम्ही मुली शाळेतून येताना बोट लावायचो, ती बोटाला हलकं धरायची आणि मिटायची. मी ओमीला म्हटलं, मे महिन्यात तुझं बोट लावू हं तिथे. त्याने बोट काचेला लावलं. मला त्या वेळी आईच्या परसातली वाट दिसत होती, माडाच्या बुंध्याजवळून खाली पाण्याकडे जाणारी, आणि मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली होती. वरच्या कप्प्यात ओमीचे कपडे, खाली आईसाठी स्वेटर. गावाला स्वेटर लागत नाही, पण दिल्लीहून येऊन स्वेटर नाही आणला तर लोक काय म्हणतील.

राहिली वही. वहीत एकोणतीस, एकतीस, तेहतीस, नऊ, चौतीस. साहेबांनी ती बघितली असती तर सुट्टी गेली असती आणि गच्चीसुद्धा. मी नवी वही आणली आणि पहिल्या दिवसापासून सुवाच्य अक्षरात लिहून काढली. रोज एकवीस. हे म्हणाले, अगं, एखादा वीस घाल, एखादा बावीस घाल, खरं वाटायला. मी म्हटलं, नको, बरोबर उत्तर माहीत असताना मुद्दाम चुकीचं लिहायला माझा हात धजत नाही.

गुरुवारी साहेब आले. बूट न काढता सरळ पेटीसमोर. फुलं उमललेली, मासे टरारलेले. साहेबांनी स्वतः तपासणी केली, झाकण लावून. बाटलीत एवढं कमी औषध कसं उरलं म्हणून एकदा भुवई उचलली, पण थेंब पुरले. एकवीस. मग वही मागितली. एक पान. दुसरं पान. तिसरं. हे माझ्या मागे उभे, अंगठे मुठीत लपवून.

साहेबांनी वही मिटली आणि मेमसाबना हाक मारली. म्हणाले, बघ, मी सहा महिने करतोय, माझे कधी वीस येतात, कधी तेवीस, आणि ह्या मुलीने बघ, एकही दिवस चुकली नाही. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, तुम तो बहुत होशियार निकली. अब मुझे क्या चिंता?"

आणि पुढचं सगळं एका दमात. दुकानातल्या माणसाला ते आता बोलावणार नव्हते. नातीला बघून त्यांचं मन भरलं नव्हतं. मे महिन्यात इथे उकाडा असतो, मेमसाबना सोसत नाही, तर मेमध्ये ते दोघं पुन्हा कॅनडाला, पूर्ण महिना. इतक्या भरवशाचं माणूस घरात असताना आता निवांत जाता येईल. आमची सुट्टी? देंगे, बेटा, ज़रूर देंगे, दिवाली के बाद आराम से जाना.

मला बोलायला तेवढाच एक क्षण होता. म्हणायचं होतं, साहेब, ती वही खोटी आहे, मी तुमचा समुद्र जवळजवळ मारला होता, मला ठेवू नका, मला घरी जाऊ द्या, माझी आई वाट बघतेय. सगळं ओठांपर्यंत आलं होतं. एवढं बोलले असते तर त्या पेटीजवळ मला पुन्हा कुणी उभं केलं नसतं. ह्यांची नोकरी राहिली असती की नाही ते माहीत नाही. पण खरं सांगू, त्या वेळी ह्यांची नोकरी माझ्या डोक्यातही नव्हती. डोक्यात एवढंच होतं की आजवर कुणी मला हुशार म्हटलं नव्हतं, आणि साहेबांचा हात अजून डोक्यावरून हलला नव्हता.

"जी साहब," मी म्हटलं, "आप बेफिक्र जाइए."

आईला अजून फोन केलेला नाही. पण तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता, तर काय केलं असतं?